चौफुल्याचा बिनदफ्तरी इतिहास

मराठी मुलखातील एखाद्या जुन्या गावाचा इतिहास लिहावयास बसले की लेखकाच्या हाताशी काही आधार आयते येतात. पाटील-कुलकर्ण्यांच्या घरचे कागद असतात, देवस्थानाच्या इनामाची सनद असते, पेशवे दफ्तरातील जमाबंदीचा एखादा ताळेबंद सापडतो, आणि यांपैकी काहीच लाभले नाही तरी गावकुसाच्या पडक्या बुरुजाविषयी चार म्हाताऱ्यांनी सांगितलेली हकीकत असतेच असते. परंतु जेथे पाटीलकी नव्हती, जेथे बलुतेदारांची घरे वंशपरंपरेने नांदली नाहीत, ज्या जागेस गावकूसच नसल्याने वेशीच्या आत कोण आणि बाहेर कोण हा प्रश्नच उपस्थित झाला नाही, आणि दोन रस्ते एकमेकांस छेदून गेले एवढ्याच कारणाने जी वस्ती जन्मास आली, तिचा वृत्तान्त कोणत्या दफ्तरात शोधावा? पुणे-सोलापूर रस्त्यावर, पुण्यापासून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर, दौंड तालुक्यात चौफुला म्हणून जो नाका आहे, त्याच्या बाबतीत हा प्रश्न मला नेहमी पडत आला आहे.

महसुली दृष्टीने पाहिले तर चौफुला या नावाला फारसा अर्थ नाही. बोरीपारधी, वाखारी यांसारख्या जुन्या गावांच्या शिवा या परिसरात एकमेकींस भिडतात, सात-बाराच्या उताऱ्यावर नावे त्या गावांची असतात, आणि घरपट्टीही त्यांच्याच ग्रामपंचायतींत जमा होते. तरी एस.टी.त बसलेला उतारू वाहकाकडे तिकीट मागताना बोरीपारधीचे नाव घेत नाही, चौफुल्याचे घेतो. सरकारी कागद एक म्हणतो आणि लोकव्यवहार दुसरेच म्हणतो, अशा प्रसंगी इतिहासकाराने लोकव्यवहाराच्या बाजूने उभे राहावे असे माझे मत आहे.

येथे छेदणाऱ्या दोन वाटांचे स्वभाव मुळातच भिन्न आहेत. पूर्व-पश्चिम वाट ही राजमार्गाच्या इतमामाची. पुण्याहून लोणी, उरुळी, यवत करीत ती येथे येते आणि पुढे वरवंड, पाटस, इंदापूर या क्रमाने सोलापूर व हैदराबादेकडे जाते. उत्तर-दक्षिण वाट मात्र नद्यांच्या हिशेबाने चालते. शिरूरहून न्हावऱ्यास येऊन, पारगावाजवळ भीमा ओलांडून, केडगावावरून ती चौफुल्यास पोचते आणि सुपे, मोरगाव करीत नीरेच्या काठाला लागते. नगरच्या माणसास साताऱ्याकडे जावयाचे असेल तर पुणे शहराचा फेरा चुकवून त्याने हीच वाट धरावी, हा रिवाज आजही चालू आहे. भीमा आणि नीरा या दोन नद्यांमधला हा कोरडा, माळरानाचा पट्टा. एके काळी येथील आणि भीमाकाठची तट्टे मराठ्यांच्या घोडदळात नावाजलेली होती, आणि पुढे कित्येक वर्षे तालुक्याचे नावही भीमथडी असेच होते.

या दुसऱ्या वाटेचे जुने माहात्म्य सुप्यामुळे. पुणे आणि सुपे हे परगणे शहाजीराजांच्या जहागिरीत होते. सुप्याच्या ठाण्यावर शिवाजीमहाराजांच्या सावत्र मातुश्रींचे बंधू संभाजी मोहिते हे अंमलदार होते, आणि १६५६ च्या सुमारास महाराजांनी त्यांना बाजूस सारून तो परगणा आपल्या कबजात घेतला, ही गोष्ट शाळकरी मुलासही ठाऊक असते. मोरगावचा मयूरेश्वर हे गाणपत्यांचे आद्यपीठ, म्हणून चिंचवडच्या देव घराण्याची आणि पुढे पेशव्यांची या बाजूस ये-जा राहिली. इंग्रजांनी शिरूरास छावणी घातल्यावर उत्तरेच्या टोकासही वजन आले. अशा रीतीने वाटेची दोन्ही टोके इतिहासात गाजत असता मधल्या नाक्यावर काय होते? बहुधा काहीच नव्हते. एखादी विहीर, एखादे झाड, आणि जवळच बोरमलनाथाचे देवस्थान, एवढ्यावर कोणी बखरकार पान खर्ची घालणार नव्हता, आणि त्याने घातले नाही याबद्दल त्याला दोषही देता येत नाही.

नाक्याच्या दैवात पहिली मोठी उलथापालथ घडविली ती आगगाडीने, आणि ती प्रतिकूल होती. १८५८ च्या जून महिन्यात खंडाळ्याहून पुण्यापर्यंत आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात पुण्याहून दिकसळापर्यंत लोहमार्ग खुला झाला. रेल्वेचे रूळ चौफुल्याच्या उत्तरेने गेले आणि केडगावास स्टेशन झाले. सोलापूरच्या बाजूचा जो माल तोवर बैलगाड्यांच्या तांड्यांनी आणि बैलांच्या पाठीवरून या रस्त्याने पुण्याकडे येत होता, तो पाहता पाहता वाफेच्या गाडीत चढला. रस्ता राहिला, पण त्यावरची दूरची रहदारी गेली. आणि जो नाका उद्या-परवा पेठ व्हावयाचा, तो स्टेशनाकडे वळण्याची एक खूण होऊन बसला.

गाडीवानांवर आलेला हा प्रसंग केवळ चौफुल्यापुरता नव्हता. लोहमार्गाचे काम चालू असेतो खडी, माती, लाकूड वाहण्यास गाड्या लागत होत्या आणि कुणब्याच्या हाती भाड्याचा रोकड पैसा येत होता. काम संपले आणि तो झरा आटला. त्याच सुमारास अमेरिकेतील यादवी युद्धामुळे चढलेले कापसाचे भाव युद्ध संपताच १८६५ नंतर कोसळले, आणि १८३६ पासून गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापुरापासून सुरू केलेल्या पाहणीची तीस वर्षांची मुदत संपून नव्या आकारणीत शेतसारा वाढला. उत्पन्न घटले, सरकारदेणे वाढले, आणि मधली तूट भरून काढण्यास सावकाराच्या वहीवाचून दुसरी जागा नव्हती.

या कर्जबाजारीपणाचा परिणाम १२ मे १८७५ रोजी दिसला. तो बुधवार होता आणि सुप्यास बाजार भरला होता. आसपासच्या खेड्यांतून जमलेल्या कुणब्यांनी मारवाडी आणि गुजर सावकारांच्या दुकानांवर व घरांवर चाल केली, आणि ज्याला पुढे दख्खनचे दंगे म्हणून संबोधण्यात आले त्या प्रकरणाचा प्रारंभ झाला. या दंग्यांचे एक वैशिष्ट्य चौकशी आयोगानेही नमूद केले आहे : माणसांच्या जिवावर लोक सहसा उठले नाहीत; त्यांना हवी होती खते, रोखे, गहाणपत्रे, हुकूमनामे. कागद मुकाट्याने काढून दिले तेथे बहुधा काम तेवढ्यावरच भागले, आणि दिले नाहीत तेथे कडब्याच्या गंजी पेटल्या. काही दिवसांतच दंग्याचे लोण भीमथडीतून इंदापूर, शिरूर या तालुक्यांत आणि भीमेपलीकडे नगर जिल्ह्यात पोचले. दंगे झालेल्या गावांवर नकाशात खुणा करून पाहाव्यात. त्या खुणा बाजारांच्या आणि गाडीवाटांच्या अनुरोधाने पसरतात. सुप्याहून शिरूराकडे आणि तेथून नगरच्या मुलखात जाणारी बातमी कोणत्या वाटेने गेली असेल याचे उत्तर भूगोलच देतो. सरकारने १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला तो या प्रकरणाचेच फळ. आजचा वाटसरू सुप्यावरून मोरगावास जाताना या हकीकतीचे नावही काढीत नाही, याचे मला वाईट वाटते. ज्या भूमीवर कुणब्याने पहिल्यांदा सावकाराच्या दस्तऐवजास हात घातला, तिला तीर्थक्षेत्राच्या वाटेइतका तरी मान द्यावयास हवा होता.

दंग्यांच्या पाठोपाठ १८७६ चा दुष्काळ आला. खडकवासल्याचे धरण आणि मुठेचा उजवा कालवा ही कामे त्याआधीच हाती घेण्यात आलेली होती. हा कालवा पुणे शहराच्या अंगाने निघून थेट पाटसच्या बाजूस येतो. वरवंडचा व्हिक्टोरिया तलाव याच व्यवस्थेचा भाग. कोरड्या भीमथडीत पाटाचे पाणी आले ही घटना कोणत्याही लढाईहून मोठी मानली पाहिजे. बाजरी आणि कुळीथ पिकवणाऱ्या शेतात यथावकाश ऊस उभा राहिला, गुऱ्हाळे लागली, पाटसच्या शिवारात भीमा सहकारी साखर कारखाना आणि नदीपलीकडे न्हावऱ्यास घोडगंगा कारखाना उभा राहिला. १९६१ च्या जुलैत पानशेतबरोबर खडकवासल्याचेही धरण फुटले तेव्हा पुण्याच्या हानीचे वर्णन पुष्कळांनी केले, परंतु कालव्याच्या शेपटाकडच्या बागायतदाराने कोरड्या पाटाकडे पाहत दिवस कसे काढले असतील ते कोणी लिहून ठेवले नाही. उसाचा पैसा हा वर्षातून ठराविक वेळी आणि एकरकमी हाती येणारा पैसा. तो खर्चावयाचा कोठे, हा प्रश्न चौफुल्याच्या पुढील इतिहासाशी निगडित आहे, म्हणून त्याचा एवढा विस्तार केला.

केडगावचे वैभव ही स्वतंत्र प्रबंधाची बाब होय. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळातील अनाथ मुलींना तेथील शेतावर आणून मुक्ती सदनाचा संसार मांडला, मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर केले, आणि त्याची जुळणी-छपाई सदनातील स्त्रियांच्याच हातून करविली; १९२२ च्या एप्रिलात त्यांचा देहान्त झाला आणि ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. त्याच केडगावच्या बेटात नारायणमहाराजांचे दत्तस्थान गजबजले. ख्रिस्ती प्रार्थनामंदिर आणि दत्ताचा गाभारा एका स्टेशनाच्या आश्रयाने नांदावेत आणि थोड्याच अंतरावर, चौफुल्यास, लावणीच्या संगीतबारीची ढोलकी वाजावी, असा संयोग मराठी मुलखात अन्यत्र क्वचितच आढळेल.

चौफुल्याचे दैव पुन्हा पालटले ते मोटारीने. १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली, आणि पुढे वीस-पंचवीस वर्षांत तालुक्या-तालुक्यांतून तांबड्या गाड्या फिरू लागल्या. आगगाडीला स्टेशन लागते, एस.टी.ला फाटा पुरतो. वाहन बदलण्यासाठी उतरलेल्या माणसाला अर्धा-पाऊण तास कोठे तरी काढावा लागतो, आणि त्या अर्ध्या-पाऊण तासावर नाक्याचा सारा प्रपंच उभा राहतो. प्रथम चहाचे खोके, मग भजी आणि मिसळ, पुढे पंक्चर काढणारा, न्हावी, खताचे दुकान, लॉरीवाल्यांची खानावळ. येथे आलेला प्रत्येक जण कोठून तरी आलेला. कोणाचा बाप वतनदार होता हे विचारण्याची येथे सोय नाही, कारण सांगणाऱ्याचे गाव वेगळे आणि ऐकणाऱ्याचे वेगळे. गावात ज्याला जागा मिळत नाही त्याला फाट्यावर मिळते. हेच चौफुल्याच्या जीवनाचे मुख्य सूत्र असे मी मानतो, आणि संगीतबारीच्या मंडळींइतका त्याचा प्रत्यय दुसऱ्या कोणी दिला नाही.

तमाशाचा ढोलकी-फड गावोगावच्या जत्रांतून हिंडतो. संगीतबारी एका जागी बसते आणि रसिकाने तिच्याकडे यावे अशी अपेक्षा करते. पुण्याचे आर्यभूषण, मुंबईत लालबागचे हनुमान ही तिची शहरी ठाणी होती. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली, मग सुधार समिती नेमून अटींसह परवानगी दिली, आणि या कलेच्या पाठीशी तेव्हापासून परवान्याचा ससेमिरा कायमचा लागला. पुढे शहरांत सिनेमाने प्रेक्षक नेला, १९८२ च्या संपानंतर गिरणगावातला कामगार रसिकही ओसरला, आणि संगीतबारीच्या पार्ट्यांचा ओढा हमरस्त्यांकडे वळला. मोडनिंब, सणसवाडी, जामखेड, चौफुला ही नावे रसिकांच्या तोंडी बसली. चौफुल्यास काय हवे ते सारे होते : चारी दिशांची वाहने, उसाचा रोख पैसा, पुण्यापासून सोयीचे अंतर, आणि कोणत्याही एका गावाच्या वेशीत नसल्यामुळे कोणत्याही एका गावाच्या पंचांच्या भुवयांची फारशी पर्वा न करण्याची मुभा.

दिवसा ही थिएटरे पाहिली तर एखाद्या जुन्या धर्मशाळेची आठवण व्हावी. मधे पत्र्याचे अथवा पक्क्या छपराचे सभागृह, सभोवती ओळीने खोल्या, एकेका खोलीत एकेक पार्टी. पार्टी मालकिणीच्या नावाने ओळखली जाते; तिच्या हाताखाली लेकी-भाच्या, एक पेटीवाला, एक तबलजी आणि एक ढोलकीवाला. दुपारी ओट्यावर बायका तांदूळ निवडीत असतात, पोरे शाळेचे दप्तर टाकून पळतात, नऊवारी पातळे दोरीवर वाळत असतात. दिवेलागणीला तेच आवार पालटते. घोट्यावर आधी कापडाची जाड घडी गुंडाळावयाची, तिच्यावर चाळ चढवून दोरी आवळावयाची, उभे राहून एकदा पाय आपटून पाहावयाचा; सैल वाटले तर सोडून पुन्हा बांधावयाचे. एका पार्टीची बारी संपली की दुसरी रंगमंचावर येते, आणि ज्याला सर्वांसमक्ष ऐकण्याऐवजी निवांत ऐकावयाचे आहे तो बैठक मागतो. तेथे चढाओढीने दौलतजादा होतो, जुन्या लावणीची फर्माईश होते, आणि क्वचित एखादी वयस्क मालकीण बसल्या जागेवरून, केवळ डोळ्यांनी आणि बोटांनी, अशी अदा करून दाखविते की तरुण मुलींचे नाचणे फिके पडावे. जमलेल्या उत्पन्नात थिएटरमालकाचा वाटा वेगळा निघतो आणि उरलेले पार्टीत विभागते.

या कलेचे गोडवे गाणाऱ्यांनी तिच्या पाठीमागचा हिशेबही पाहावा. कोल्हाटी, डोंबारी यांसारख्या समाजांतील स्त्रियांनी ही परंपरा चालविली. कमावत्या मुलीने लग्न न करता भावंडांचे संसार चालवावेत, तिचा चिरा उतरविणाऱ्या, म्हणजे तिच्याशी पहिला संबंध ठेवणाऱ्या, धनिकाने मोबदला द्यावा, आणि तिच्या लेकरांना शाळेत बापाचे नाव विचारले जावे, ही त्या परंपरेचीच दुसरी बाजू. किशोर शांताबाई काळे यांच्या ‘कोल्हाट्याचं पोर’ या आत्मकथनाने ती बाजू मराठी वाचकांसमोर ठेवली, आणि ते वाचल्यावर बैठकीतल्या वाहव्वाकडे पूर्वीच्या निर्भेळ आनंदाने पाहणे कठीण झाले. तथापि तिरस्काराने तोंड फिरवणाऱ्यांचाही पक्ष मला मान्य नाही; ज्या स्त्रियांनी पंचवीस-तीस माणसांची घरे आपल्या गळ्यावर आणि पायांवर उभी केली, त्यांना उपदेश करण्याचा अधिकार त्यांच्या दौलतजाद्यावर पोसलेल्या समाजाला पोचत नाही.

आणि याच रस्त्याने, आषाढी वारीच्या दिवसांत, तुकोबांची पालखी जाते. तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ मध्ये हा सोहळा सुरू केला. यवतला पिठले-भाकरीचे जेवण घेऊन मुक्काम करणारे वारकरी दुसऱ्या दिवशी भांडगाव, चौफुला मागे टाकीत वरवंडास उतरतात. मुक्काम यवतास आणि वरवंडास. चौफुल्याच्या वाट्यास येते ती विसाव्याची घटका, पाण्याचे पिंप, चहाचे फुकट वाटप. मुक्कामाचा मान गावाला आणि पाणी पाजण्याचा मान फाट्याला, ही वाटणी अजून बदललेली नाही.

बदलला आहे तो रस्ता. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ९ आता ६५ झाला, तो चौपदरी करण्यात आला, पाटसला टोलनाका बसला, आणि पुण्याहून सोलापूर गाठणाऱ्या गाडीला चौफुल्यास थांबण्याचे प्रयोजन उरले नाही. दीडशे वर्षांपूर्वी आगगाडीने जे केले तेच आता वेगाने केले आहे, फरक इतकाच की या वेळी दक्षिणेकडे आणि उत्तरेकडे जाणारी वाट जिवंत आहे आणि तिच्या जोरावर नाका टिकून आहे. उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर, कांद्याचे टेम्पो, मोरगावचे यात्रेकरू आणि नगर-सातारा मालमोटारी यांना येथे वेग कमी करावाच लागतो.

चौफुल्याचे दफ्तर नाही असे प्रारंभी म्हटले, ते सरकारी अर्थाने म्हटले. थिएटरांच्या परवान्यांच्या मिसली कचेरीत असतील, मालकिणींच्या ट्रंकांत हिशेबाच्या वह्या आणि जुनी छायाचित्रे असतील, एस.टी.च्या जुन्या वेळापत्रकांचे पुठ्ठे कोठे तरी अडगळीत असतील, आणि पहिले चहाचे खोके टाकणाऱ्यांची मुले आज म्हातारी होऊन त्याच दुकानांच्या गल्ल्यावर बसलेली आहेत. दौंड आणि बारामती तालुक्यांतील महाविद्यालयांत इतिहास शिकविणाऱ्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे की त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना एका उन्हाळ्यात वह्या घेऊन चौफुल्यास पाठवावे, आणि सुरुवात मालकिणींपासून करावी. त्यांतल्या वडीलधाऱ्यांना आता फार दिवस थांबवता येणार नाही.